सांचा थांबला तेव्हा

२०१८ साली, दिवाळी उरकल्यावर, उषाबाई आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या नाट्यगृहात गेल्या. लेक योगिता नाचणार होती. तिची नाचाची मंडळी पुढच्या महिन्यात बंगळूरला निघणार होती आणि योगितालाही सोबत न्यायचं म्हणत होती. इकडे उषाबाईंचा भाऊ रामदास शिरपूरचं स्थळ घेऊन सुरतेतल्या बमरोलीच्या खोलीत ठाण मांडून बसला होता. योगिताचे वडील भाईदास दोन्हीकडच्यांना एकच बोलले, "आधी पाहतो. मग सांगतो."

भाईदासांची सगळी उमर सांच्यावर गेली. मागाला सुरतेत सांचाच म्हणतात. त्या खडखडाटात शब्द पोचत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. कान अर्धे गेल्यावर भाईदासांनी ती बोली घरात आणली. योगिता तीच ऐकत, म्हणजे बघत, वाढली.

रंगमंचाच्या कडेला सारंगीवाला आणि पखवाजवाला बसले होते. नाचणारे साध्या करड्या कपड्यांत, अनवाणी.

"भाची घुंगरू घरी विसरली का गं?" रामदास कुजबुजला.

"तू चूप बस रे." खरं तर उषाबाईंच्याही मनात तेच आलं होतं.

पोरंपोरी धावत होती, एकमेकांच्या अंगावर रेलत होती. पखवाज भाईदासांना ऐकू येत होता, त्यांची मान हलत होती. उषाबाईंना लग्न होऊन आल्या तेव्हाची बमरोली आठवली. चहूकडे शेतं आणि मधे पत्र्याच्या छपराखाली एकच सांच्यांचा कारखाना. त्याच्या आवाजावर त्या भाकरी थापायच्या.

अचानक पखवाज थांबला. सारंगीही. योगिता धाडकन खाली पडली आणि पडूनच राहिली.

कारखान्यात सगळे सांचे एकदम थांबले, की कुणाचा तरी हात गेलेला असतो. भाईदास ताडकन उठले.

"पोर पडनी वं!"

लोकांच्या गुडघ्यांना धडकत ते धावले. कुणी हसलं. कुणाला तो खेळाचाच भाग वाटला, त्याने टाळी वाजवली. भाईदासांचा पाय रंगमंचाच्या पायरीवर पडला, तोच योगिताने पडल्या पडल्या नुसतं मनगट उचललं आणि पंजा दोनदा हलवला. सांच्यावर त्याचा अर्थ असा, की माझं चालू आहे, तुम्ही तुमचं बघा.

भाईदासांनी तसाच पंजा हलवून उत्तर दिलं आणि जागेवर येऊन बसले. सारंगी पुन्हा सुरू झाली.

"काय झालं, दाजी?" रामदासने कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"काही नाही. कामावर आहे ती."

बाहेर आल्यावर म्हणाले, "शिरपूरवाल्यांना नाही म्हणून सांग. कामावरून पोर उठवत नसतात."

योगिता बंगळूरलाच राहिली. आता नव्या मुलांना शिकवते. शिरपूरच्या मुलाला नंदुरबारची मुलगी मिळाली. रामदास भेस्तानला मुकादम आहे आणि भाचीला नाचात आपणच घातलं, असं सांगत फिरतो. भाईदास २०२२ साली गेले. उषाबाई अजून त्याच खोलीत राहतात. खोलीमागचा तो सांच्यांचा कारखाना पाडून तिथे इमारत झाली. दुपारी आता फार शांत असतं, आणि उषाबाईंचा डोळा लागत नाही.