एका 'खाली'साठी

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. पाठ उसवली म्हणून मला बिचारी म्हणू नका, मित्रांनो. माझ्या पोटात पाच खून आहेत!

माझा जन्म उज्जैनला, नानाखेड्याच्या एका घरात झाला. केबल टीव्ही तेव्हा नुकताच घरोघर पोचत होता. विनोदिनीबाई शाळेत शिकवून आल्या की मला लिहीत. मी त्यांचं पहिलंच पुस्तक. माझ्यात एक खुनी धर्मशाळांमधून माणसं मारत सुटतो आणि दोन गुप्तहेर त्याच्या मागावर असतात, एक पुण्याचा, एक उज्जैनचा. चौकीदार सांगतो, "शेवटची खोली खाली आहे." पुणेकर धडाधड जिने उतरतो. उज्जैनकराला कळतं, खोली रिकामी आहे, म्हणजे खुनी निसटला! उज्जैनकर गच्चीकडे धावतो आणि खुन्याला पकडतो.

पुण्याचे प्रकाशक माणिकराव महाकालाच्या दर्शनाला आले, तेव्हा मला वाचून खूश झाले.

"बाई, झकास! फक्त 'खाली'चं 'रिकामी' करा. लोक हसतील."

"हसू देत न! 'रिकामी' केलं तर तो जिने कशाला उतरेल? आम्ही इथे असंच बोलतो."

"मग मला छापता येणार नाही."

"नका छापू. पण चहा तर घेऊन जा!"

बाईंनी मला इथल्याच छापखान्यात छापलं. मुखपृष्ठावर इथल्या भैरवगढच्या कापडछपाईच्या ठशांची लाल वेलबुट्टी. खुनाच्या पुस्तकावर वेलबुट्टी! लोक हसले, मी मात्र ताठ मानेनं मिरवले. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात माझ्यासाठी भांडणं व्हायची. कुणा शहाण्यानं पेन्सिलीनं 'खाली' खोडलं, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला सहावा बळी ठरवलं.

पुढे सगळे टीव्हीसमोर बसले आणि मी माडीवरच्या कपाटात धूळ खात पडले. एक दिवस भय्यासाहेब, वाचनालयाचे चिटणीस, पुण्याहून आलेल्या नव्या ग्रंथपाल मधुराताईंना म्हणाले, "वरचं कपाट खाली करून टाका." त्यांना आम्हाला रद्दीत काढायचं होतं. मधुराताईंनी दोन हमाल बोलावले आणि पुस्तकांसकट कपाट खाली आणलं, थेट दरवाजाशी!

भय्यासाहेबांनी कपाळाला हात लावला. तोवर शाळेतून परतणाऱ्या मुलींनी मला उचललंही होतं.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, मला उन्हात टाकू नका. आणि एखादा शब्द खटकला तर पेन्सिल खिशातच ठेवा. बाई ज्या शब्दासाठी हटून बसल्या, त्यानंच मला रद्दीतून वाचवलं, म्हणून मी आज तुमच्या हातात आहे.