बादली इतक्या लवकर कशी परतली?

मी एक जुना खडा आहे. हरभऱ्याएवढा, फिकट राखाडी. मित्रांनो, वाटेत दिसलो तर तुम्ही मला पायानेच बाजूला साराल, याची मला खात्री आहे. तरीही माझी हकीकत सांगतो. मात्र माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवतो. भट्टीत भाजून निघालेला जीव सहजासहजी कुणावर विश्वास ठेवत नाही.

मला डोंगरातून खणून काढलं, दळलं, मळलं, माझी गोळी वळली आणि मला भट्टीत टाकलं. तिथे माझ्या अंगाला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं पडली. खारं पाणी माझ्यावरून गेलं की मीठ या भोकांत अडकतं आणि गोडं पाणी पुढे जातं. भोकं भरली की मी थकतो. मग मला कढत पाण्याने धुवायचं. पोटातलं सगळं मीठ त्या पाण्यात सोडून मी पुन्हा कामाला तयार. माझ्यासारखे खडे अशी कितीतरी वर्षं काढतात.

मी आलो तो एका रोपवाटिकेत. ती दोघीजणी चालवत, सासूबाई आणि सूनबाई. घर त्या रोपांवरच चालायचं. पण विहीर खारी झाली होती आणि गुलाबाची, लिंबाची पानं कडेने करपत होती. म्हणून सूनबाईंनी आम्हा खड्यांना आणलं आणि पंपाच्या खोलीतल्या निळ्या पिंपात भरलं. पिंपाला काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून मला दार दिसे आणि दाराबाहेरचं थोडं अंगण. डावीकडे विहीर होती, पण ती मला दिसत नसे. उजवीकडे, पार कुंपणापाशी, प्लास्टिक अंथरलेला एक उथळ खड्डा होता. आमच्या धुण्याचं पाणी तिथे नेऊन ओतायचं, उन्हात वाळवायचं आणि उरलेलं मीठ पोत्यात भरायचं, अशी पद्धत होती.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. रोपांना नवी पालवी फुटली. सासूबाई रोज पिंपावर थाप मारत आणि म्हणत, "आमची खडीसाखर! खाऱ्याचं गोडं करते." मला संकोच वाटे, पण आवडायचंही. या घरात माझा पूर्ण विश्वास बसला तो एकट्या सासूबाईंवर.

मग पाणी बिघडू लागलं. विहिरीतून येणारं पाणी दिवसेंदिवस जास्त खारं होत होतं. माझी भोकं लवकर भरायची, धुणं वाढलं आणि धुण्याच्या बादल्याही वाढल्या. बाहेर पानं पुन्हा करपायला लागली. आणि दोष कुणावर आला? आमच्यावर!

त्याच सुमारास एक मशीनवाला घिरट्या घालू लागला. चकचकीत बूट आणि गोड जीभ. हातात बाटली घेऊन तो सारखा विहिरीकडे जाई. मला तेव्हाच शंका आली. याला नवं मशीन विकायचंय, मग हाच विहिरीत काही टाकत नसेल कशावरून?

एकदा तो दारात उभा राहून सूनबाईंना म्हणाला, "ताई, हे खडे संपले. फेकून द्या. नाहीतर या मोसमात रोपवाटिका बंद करावी लागेल तुम्हाला."

सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आईंना एवढ्यात सांगू नका. त्यांचा फार जीव आहे या खड्यांवर."

झालं! आता मला सूनबाईंचाही संशय येऊ लागला. त्या पंप सुरू करायला आल्या तरी मी त्यांच्या हातांकडे बघे. त्यांनी उसासा टाकला तरी वाटे, नाटक असेल.

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर घडत होती. धुण्याची बादली सासूबाई नेत असत. कुंपण लांब, त्यांचे गुडघे दुखरे, तरी रिकामी बादली घेऊन त्या बघता बघता परत येत. या वयात काय चपळ पाय आहेत, असं मला कौतुक वाटे. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, तिथेच तेवढा घेतला नाही.

शेवटी सूनबाईंनी धीर करून सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी पिंपावर शेवटची थाप मारली. मग म्हणाल्या, "फेकायचेच असतील तर विहिरीच्या कडेला पसर. तिथली जमीन मी अगदी लख्ख ठेवलीय. गवताची एक काडी उगवत नाही बघ."

सूनबाईंनी आम्हाला घमेल्यात भरून नेलं आणि विहिरीच्या कठड्याशी ओतलं. मातीला अंग लागताच मी दचकलो. माती मिठाने पांढरी झाली होती. मीच कितीदा तरी पोटातून सोडलेलं मीठ होतं ते!

सूनबाई दुसरं घमेलं घेऊन आल्या आणि थबकल्या. "आई, सगळीकडे तण आवरता आवरत नाही, मग इथेच काडी कशी उगवत नाही?"

"अगं, तीच तर गंमत!" सासूबाई हौसेने सांगू लागल्या. "खड्यांच्या धुण्याचं ते कढत पाणी असतं ना, ते मी इथे ओतते. तण मुळासकट मरतं. खुरपं घेऊन वाकायला नको, कुंपणापर्यंत चालायलाही नको."

सूनबाईंनी घमेलं खाली ठेवलं. "आई, ते मीठ जमिनीत मुरून विहिरीत उतरतं हो."

सासूबाईंनी पांढऱ्या मातीकडे बघितलं. मग करपलेल्या गुलाबांच्या रांगांकडे बघितलं. "म्हणजे माझ्या रोपांना मीच मीठ घातलं गं?" असं म्हणत त्या तिथेच बसल्या. सूनबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघी मिळून आम्हाला एकेक करून वेचू लागल्या. माझा सूनबाईंबद्दलचा सगळा संशय तिथे गळून गेला.

माझे भाऊबंद धुऊन पुन्हा पिंपात गेले. मशीनवाला यायचा थांबला. वरची पांढरी माती खरवडून कुंपणापाशी नेली. विहिरीच्या पाण्याचा खारेपणा हळूहळू उतरतोय म्हणे, पण निम्मी रोपं गेली ती गेलीच. मी मात्र एका खोल भेगेत राहून गेलो. मी अजून कामाचा आहे, फक्त कुणीतरी उचलून धुवायला हवं.

मित्रांनो, तुम्हीही रोज काही ना काही धुता, पुसता, झाडता. स्वच्छ झालेल्या वस्तूकडे बघून खूश होता. निघालेली घाण कुठे गेली, तेही एकदा जाऊन बघा. आणि थकलेल्याला फेकण्याआधी त्याला कशाने थकवलं, एवढं विचारा.

आज सकाळी माझ्या शेजारी गवताचं एक हिरवं पातं वर आलं. सासूबाई खुरपं घेऊन आल्या आणि नेमक्या त्याच्यासमोर वाकल्या. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी मनात म्हटलं, गेलं हे.

त्यांनी खुरपं बाजूला ठेवलं. बोटाने ते पातं जरासं हलवून बघितलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, लवकर ये! इथे गवत आलंय!"