सुंदरबाईंनी हात वर केला नाही

अमळनेरजवळच्या एका गावात ग्रामसभा चालू होती. सरकारने राष्ट्रीय प्रार्थना दिन पाळावा, असा ठराव सरपंच भूषणने मांडला. बघता बघता सगळे हात वर झाले. फक्त त्याच्या आईचा, रोज पहाटे भजन म्हणणाऱ्या सुंदरबाईंचा, हात मांडीवरच राहिला.

"माय, हात वर कर," भूषण दबक्या आवाजात म्हणाला.

"देव नको झाला का?" मागून कुणीतरी ओरडलं.

सुंदरबाई उभ्या राहिल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "देव मना शे. पन आपला शेजारी निंबा देव मानत नही. सरकारना दिन उना म्हंजे बठ्ठा लोक त्याले इचारतीन, तू हात का जोडा नही?"

भीतीपोटी वर केलेला हात निंबाने हळूच खाली घेतला.

ठराव मंजूर झालाच. भूषण मोटारसायकलवरून एकटाच निघून गेला. सुंदरबाई आणि निंबा पायीच घरी आले.