पी पी लिहिलेली टाकी

वारज्याच्या विजयमालाबाईंनी पन्नाशी उलटल्यावर गाडीचं लायसन काढलं आणि माहेरच्या यात्रेला स्वतः गाडी चालवत येणार, असं फोनवर सांगून टाकलं. धाकटा भाऊ भैरू हसला.

"ताई, एसटीनं ये. कुठं ठोकलीस तर गावात आमचं हसं."

ही बहीण डोक्यावर वैरणीचे भारे वाहायची तेव्हा ती पडेल म्हणून या भावाला कधी घोर लागला नव्हता. स्टिअरिंग धरलं आणि लागला.

यात्रेच्या आदल्या सकाळी गाडीखाली हिरवं पाणी. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची प्लास्टिकची टाकी तडकली होती. गॅरेजवाल्यानं लांबूनच बघितलं. "बदलायला लागेल. माल पुढच्या आठवड्यात." हात लावला असता तर त्याचं सोवळं मोडलं असतं.

नवऱ्यानं, हिंदुरावांनी, टाकी खोलून स्वयंपाकघरात आणली आणि चिरेवर भेगा बुजवायची लांबी थापली. वाळल्यावर कढत पाणी ओतलं, तर अख्खी लांबी पापडासारखी सुटून हातात आली.

"कंपनीनंच लिवलंय बघ." टाकीचा तळ दाखवत ते म्हणाले. "इंग्रजीत, पी पी. मी पाजतोय, ही गळतीय."

हसता हसता विजयमालाबाई थांबल्या. ही अक्षरं त्यांच्या रोजच्या बघण्यातली. त्यांनी फडताळातला श्रीखंडाचा रिकामा डबा उपडा केला. तळाला पी पी.

"अहो, दोघं एकाच जातीची. याचंच ठिगळ लावा."

"श्रीखंडाचा डबा इंजिनात?"

"मी गरम कढई टेकवली तेव्हा डबा वितळून कढईला कसा चिकटला, विसरलात? घासून घासून हात गेले माझे."

माणसांत जात बघून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. प्लास्टिकात मात्र बघावीच लागते; एका जातीचंच वितळून एकजीव होतं.

खिडक्या उघडल्या. फाटत चाललेल्या कापडाला टोकाशी टाका घालतात, तसं बाईंनी चिरेच्या दोन्ही टोकांना तापल्या सुईनं भोक पाडलं, म्हणजे चीर पुढं धावणार नाही. हिंदुराव सुरी गॅसवर तापवायचे, बाई डब्याच्या पट्ट्या चिरेत वितळवून दाबायच्या. घरभर घाण वास आणि दोघांच्या तोंडाला पदर.

"माझ्याबी तोंडाला पदर. कुणी बघितलं तर?"

"शोभतोय. हात हलवा."

थंड झाल्यावर टाकी जागेवर बसवली, पाणी भरलं, गाडी सुरू केली. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा मध्यावर येऊन उभा राहिला. खाली जमीन कोरडी. बाईंनी हात फिरवून खात्री केली आणि तोच हात नवऱ्याच्या पाठीवर मारला.

दुसऱ्या दिवशी घाट चढून गाव दिसायला लागलं. कमानीजवळ गर्दी होती, पुढं भैरू.

हिंदुराव हळूच म्हणाले, "थांबव. इथनं मी घेतो. मानसं बघत्यात."

"बघू द्या की. त्याच्यासाठीच तर आलोय," म्हणत बाईंनी हॉर्न दाबला आणि भैरूला बाजूला व्हायला लावलं.