तारेवरचं सगळ्यात वरचं पत्र

श्रावणीनं स्टुलावर चढून खुंटीवरची तार खाली काढली, तेव्हा प्रभा उंबऱ्याशी चपला काढत होती. तळाला लाकडी चकती, वरचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं आणि मधे एकोणीस निळी आंतरदेशीय पत्रं ओवलेली. पूर्वी घरोघर अशी तार असे. लाइटची बिलं, लग्नपत्रिका, खुशालीची पत्रं, सगळं तिच्यावर चढे. या घरच्या तारेवर १९८९च्या फेब्रुवारीनंतर काहीच चढलं नव्हतं.

"बरं झालं आलात, काकू. आज्जी हात लावू देईना. प्रभा येऊ दे, म्हणे."

श्रावणी ही पार्वतम्मांच्या थोरल्या मुलाची, गुरूची मुलगी. कॉलेजात इतिहास शिकत होती. श्रीलंकेतल्या यादवीत गेलेल्या आपल्या सैनिकांवर तिला काही लिहायचं होतं. पत्रं तिच्या काकाची, रेवणसिद्धची होती. तो बाविसाव्या वर्षी जाफन्याला गेला. परत आली ती पत्र्याची पेटी.

श्रावणीचा फोन आल्यापासून प्रभाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तारेवर पत्रं खालून वर चढतात. काढताना शेवटचं आधी हातात येतं. ते कुणी वाचू नये म्हणून शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती विजापूर रोडवरून नवी पेठेमागच्या या गल्लीत आली होती. काय सांगून थांबवायचं, हे रिक्षात बसूनही सुचलं नव्हतं.

पार्वतम्मा पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, गळ्यात लिंगाचा करंडा, कान अजून तिखट.

"उभी का? बस की. शाळंत सायबीण झालीस म्हनं."

"क्लार्कच आहे, अव्वा. हेडक्लार्क."

"त्येच की."

त्या वेळी प्रभाचे वडील या गल्लीत समोरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत. पार्वतम्मांच्या घरात कानडी चाले, बाजारात मराठी, आणि वाचायला दोन्हींपैकी एकही त्यांना येत नसे. रेवण शिकला मराठी शाळेत, म्हणून पत्रं मराठीत. गुरू मिलमध्ये पाळीवर. मग दुपारी पत्र आलं की संध्याकाळपर्यंत ते पार्वतम्मांच्या पदराखाली राही आणि दहावीतली प्रभा शाळेतून आली की दप्तरासकट तिला आत ओढलं जाई. पत्र दोनदा वाचायचं. एकदा भरभर, खुशाली कळावी म्हणून. दुसऱ्यांदा सावकाश, ऐकण्यासाठी. वाचून झालं की कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी हातावर येई आणि पत्र तारेत ओवायचा मान वाचणारीचा.

वाचणारी कोण हे रेवणला ठाऊक होतं. मधेच तो लिही, 'वाचणारीनं इथं अडखळू नये, दहावीला मराठी आहे.' जेवणाचं तर प्रत्येक पत्रात. 'इथं भाजीलाही नारळाचं तेल. अव्वा, जे डोक्याला लावायचं ते पोटात चाललंय.' त्यावर पार्वतम्मा डोळ्यांतून पाणी येईतो हसत आणि तोच भाग तिसऱ्यांदा वाचायला लावत.

मोहोळच्या मायाक्काचा मुलगा बिरप्पा त्याच्याबरोबरच भरती झालेला, एकाच तुकडीत. दोघांसाठी चटणीचे दोन डबे भरायचे, एकावर लाल दोरा, एकावर पांढरा. शेवटचं पत्र आलं तेव्हा पार्वतम्मा पांढरा दोरा गुंडाळत होत्या. प्रभा वाचत आली आणि चौथ्या ओळीवर थांबली. दोरा गुंडाळणाऱ्या हातांकडे तिनं पाहिलं, तीन ओळी गाळल्या आणि पुढे वाचू लागली.

मरणाची बातमी असलेलं पत्र घरात ठेवत नाहीत, ठेवलं तर मागोमाग त्या घराचीही तशीच बातमी येते म्हणतात. तिचे वडील तसलं कार्ड उंबऱ्याबाहेर उभे राहून वाचत आणि तिथंच फाडून टाकत. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. उद्या सांगू, असं ठरवून तिनं पत्र तारेत ओवलं. उद्याचा परवा झाला. पंधरवडा उलटला आणि रेवणची बातमी आली. पुढच्या जूनमध्ये वडिलांनी घर बदललं.

नंतर तिचं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली, मुलं मोठी झाली. कुठलाही कागद ती शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्यानं वाचूनच पुढे सरकवते, म्हणून स्टाफरूममध्ये तिला आकाशवाणी म्हणतात. तीही हसते.

श्रावणीनं वरचं पत्र सोडवलं आणि उलगडलं. "घड्या फाटायला आल्यात. मी वाचू?"

"दे इकडं," प्रभा म्हणाली.

श्रावणी फोनवर आवाज टिपायला शेजारी येऊन बसली. प्रभानं चष्मा लावला. 'चिरंजीव रेवणसिद्धचा अव्वाला शिरसाष्टांग नमस्कार.' दुसरी ओळ. तिसरी. चौथीवर आवाज आपोआप थांबला. आता गाळून चालणार नव्हतं, शेजारी दुसरे डोळे होते. ते नसते तरी गाळता आलं असतं का, कोण जाणे.

"तवाबी हितंच थांबली हुतीस," पार्वतम्मा म्हणाल्या. "वाच."

प्रभानं वाचलं. 'अव्वा, आपला बिरप्पा गेला. परवा रस्त्यात सुरुंग फुटला, मी मागच्या गाडीत होतो. मायाक्काला सरकारी तार जाईल, तू मोहोळला जा आणि तिच्याजवळ बस.'

श्रावणीनं फोन पालथा ठेवला.

"मी तेव्हा गाळलं, अव्वा. आणि घरात ठेवलं. तारेवर."

"ठावं हाय."

पत्र आल्यावर पाचव्या दिवशी मायाक्काकडून सांगावा आला आणि पार्वतम्मा मोहोळला गेल्या. तिथं दिवस-वार जुळवताना त्यांच्या ध्यानात आलं की रेवणचं पत्र बिरप्पा गेल्यावरचं आहे. म्हणजे त्यात ते असणारच. वाचताना पोरगी थांबली होती, तेही आठवलं. घरी येऊन त्यांनी पत्र तारेवरून काढलं.

"आमच्या लिंगायतांत इटाळ मानत न्हाईत. पर गल्लीत समदी फाडत्यात, म्हनून हातात घेतलं. आन् बसले. मला काय वाचता येतंय? मरान कुटल्या वळीत हाय आन् माझं पोरगं कुटल्या वळीत, मला काय ठावं. तेवढंच फाडावं म्हटलं, तर कुटनं फाडू?"

श्रावणीनं पालथा फोन आणखी लांब सरकवला.

"पुन्यांदा तारंत घातलं. मग धा दिसांनी तिकडनं आलं." पार्वतम्मांनी पदरानं ओठ पुसले. "मला वाटायचं, मीच ठिवलं म्हनून. गुरूलाबी सांगितलं न्हाय कदी."

"मला वाटायचं, मी ठेवलं म्हणून," प्रभा म्हणाली.

पार्वतम्मा तिच्याकडे वळल्या. "सोळा वर्साची पोर तू," त्या म्हणाल्या. "लई वज्जं उचललंस की."

मग त्यांनी पत्र मागून घेतलं, मांडीवर पसरलं आणि बोट पुढे केलं. प्रभानं ते बोट धरून चौथ्या ओळीच्या सुरुवातीला टेकवलं.

"हितनं बिरप्पा?"

"इथून इथपर्यंत. तीन ओळी."

"आन् ह्यो खालचा?"

"हा रेवण. तुझ्यासाठी एक लुगडं घे म्हणतो. नारळाचं तेल आता अंगी लागलंय म्हणतो. वाचणारीला पेपर सोपा जावो म्हणतो."

बोट त्या ओळींवरून सावकाश गेलं, शेवटाला पोचलं, परत सुरुवातीला आलं. श्रावणी हळूच म्हणाली की याचा फोटो काढून ठेवते. आज्जीनं मान हलवली. फोटो झाल्यावर पार्वतम्मांनी पत्र जुन्या घड्यांवर घडी घालून प्रभाकडे दिलं.

"तूच ओव. तुजाच हात हुता."

पत्राच्या मधल्या छिद्राभोवती गंजाचा तांबूस गोल उमटला होता. प्रभानं तारेचं टोक त्यात घातलं. पत्र अलगद खाली सरकलं आणि अठरा पत्रांवर जाऊन टेकलं.