बाकाला बांधलेली शेळी

आमच्या फाटकाबाहेर एक लाकडी बाक आहे. त्यावर बसायला कोणालाही परवानगी नाही, मलासुद्धा. शेतावर जे जास्तीचं निघेल ते बायको रोज सकाळी त्या बाकावर मांडते. अंडी, दूध, वाकड्या काकड्या, झिनिया आणि शेवंतीचे जुडगे. ज्याला हवं त्याने न्यावं. गल्लीतले लोकही आपापलं काहीबाही आणून ठेवतात. कोणी लोकरीचे गुंडे, कोणी चांगल्या स्थितीतला कंदील, एकाने तर एकाच पायाचा बूट ठेवला होता आणि तोही कोणीतरी नेला. बायकोचा नियम एवढाच, की ठेवलेलं परत मागायचं नाही आणि कोणी नेलं ते विचारायचं नाही.

मला हा प्रकार कधीच पटला नाही. खणायचं मी, शेण उचलायचं मी, आणि फुलं न्यायची जगाने. बरं, शेत म्हणजे तरी काय? घरामागची एक लांबट पट्टी. तिच्यात फुलांचे वाफे, कोंबड्या, निवृत्तीचं जीवन जगणारं एक गाढव आणि एक शेळी.

या शेळीला बायको बाळ म्हणते. मी बाईसाहेब म्हणतो, कारण घरात चालतं तिचंच. माझ्या शर्टांची बटणं तिने खाल्ली, अर्धा स्वेटर खाल्ला, आणि आयुष्यात एकदाच माझ्या हातून टपोरं डेलियाचं फूल उमललं ते माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं. “एक दिवस तुझ्या बाळाला त्या बाकावर ठेवतो की नाही बघ,” असं मी बायकोला रोज म्हणायचो. बायकोलाच म्हणून थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी ते पोस्टमनला सांगितलं, बेकरीवाल्याला सांगितलं, गल्लीतल्या यच्चयावत माणसांना सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

तर मेहुणीचा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि बायको तिच्याकडे काही दिवसांसाठी गेली. जाताना तिने मला आपली जुनी शाल दिली. बाईसाहेब बायकोशिवाय कोणाला दूध काढू देत नाहीत. त्यामुळे ही शाल डोक्यावरून घ्यायची, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही आणि खाली बसायचं, अशी सूचना होती. मी ते केलं. शेळी फसली. पोस्टमनही फसला, कुंपणापलीकडून त्याने मला “काय काकू, बरं आहे ना?” असं विचारलं आणि मला मान हलवावी लागली.

बायको संध्याकाळी परत यायची होती त्या दिवशी मी सकाळीच बाकावर फुलांचे जुडगे मांडले आणि बाईसाहेबांना रस्त्याकडेच्या गवतावर चारायला काढलं. तेवढ्यात आठवलं, की खुराड्याचं दार उघडंच राहिलंय. म्हणून दोरी बाकाच्या पायाला गुंडाळली आणि आत पळालो. कोंबड्या झिनियांच्या वाफ्यात पोहोचल्या होत्या. त्यांना गोळा करण्यात माझा बराच वेळ आणि एक चप्पल गेली. बाहेर आलो तर बाकावर फुलं नव्हती, पायाला दोरी नव्हती आणि शेळीही नव्हती.

आधी वाटलं, बिचारी कुठे गेली असेल. मग बायकोची आठवण झाली आणि शेळीचा विचार मागे पडला. संध्याकाळी ती रिक्षातून उतरणार, “बाळ कुठाय?” विचारणार, आणि मी काय सांगणार? चुकून गेली? इतकी वर्षं जो माणूस शेळीला बाकावर ठेवीन म्हणून गावभर सांगत फिरला, त्याच्या हातून, बायको घरात नसताना, शेळी नेमकी त्याच बाकावरून चुकून गेली? मी न्यायाधीश असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

बरं, कोणी नेली ते विचारायचं नाही. नियम बायकोचा असला तरी पाळायची सवय मला लागली होती. मी बेकरीत गेलो आणि बेकरीवाल्याला आडून आडून विचारलं, की सकाळी रस्त्याने काही चार पायांचं जाताना दिसलं का. त्याने पाव बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “ठेवलीत शेवटी बाकावर? मोठं मन लागतं हो त्याला,” तो म्हणाला आणि मला दोन पाव जास्त दिले. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. दुपारपर्यंत गल्लीत माझं नाव झालं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत मी सगळ्यांच्या शुभेच्छा स्वीकारल्या.

मग मला युक्ती सुचली. विचारता येत नाही, पण बघता तर येतं. मी होती नव्हती ती फुलं कापली, टोपली भरली आणि दारोदार वाटायला निघालो. दार उघडलं की जुडगा पुढे करायचा आणि माणसाच्या खांद्यावरून आत डोकवायचं. लोक घाबरले. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं, डॉक्टरांनी काही सांगितलंय का. नर्सताईंनी फुलं घेण्याआधी माझी नाडी पाहिली. शाळेतल्या रिटायर्ड बाई मात्र फुलं हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, घरी कोणी फुलं आणून देईल असं आता वाटत नव्हतं. मी त्यांच्या मागे शेळी शोधत होतो. मला माझीच लाज वाटली आणि मी त्यांना आणखी एक जुडगा दिला.

टोपलीत शेवटचा जुडगा उरला तेव्हा गल्लीच्या टोकाचं घर आलं. तिथे एक निवृत्त बस कंडक्टर राहतो. त्याची बायको वारल्यापासून त्याला दिवसाउजेडी कोणी पाहिलं नव्हतं. सामान शेजारचे आणून देत. मी दार वाजवणार होतो, इतक्यात आतून त्याचा खणखणीत आवाज आला.

“पुढे सरका. पुढे जागा आहे. दारात उभं राहायचं नाही.”

आणि त्याला उत्तर आलं, “बँऽऽ.”

दार उघडलं. कंडक्टरने दाढी केली होती. मागे स्वयंपाकघराच्या दारात बाईसाहेब उभ्या होत्या, खाली त्याचा जुना खाकी कोट अंथरलेला, आणि त्या कोटाची बाही त्यांच्या तोंडात होती. खिडक्या उघड्या होत्या. फरशी ओली होती, नुकतीच पुसलेली. खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची आणि तिच्या बाजूच्या स्टुलावर पाण्याने भरलेला ग्लास होता.

त्याने मला बसवलं आणि आपण होऊनच सांगू लागला. त्याची बायको त्या खुर्चीत बसायची. तिच्यासाठी ग्लासात फुलं ठेवायची म्हणून तो रोज सकाळी, रस्त्यावर कोणी नसताना, आमच्या बाकावरून एक जुडगा आणायचा. “आज गेलो तर फुलं नव्हतीच. नुसती शेळी होती. म्हटलं, फुलं संपली असतील, म्हणून वहिनींनी शेळी ठेवली.”

फुलं कुठे गेली होती ते मला कळलं. बाईसाहेबांच्या हनुवटीला अजून शेवंतीची पाकळी चिकटली होती.

“एवढी मोठी वस्तू घ्यावी की नाही कळेना,” तो म्हणाला. “पण भाऊ, खरं सांगू? किती दिवसांनी या घरात मला कोणीतरी उलट उत्तर दिलं.”

मी तोंड उघडलं होतं. “ती शेळी आमची” एवढंच तर म्हणायचं होतं. पण डोळ्यांसमोर बायको येत होती, बॅग हातात घेऊन फाटकात उभी असलेली. मी शेवटचा जुडगा त्याच्या ग्लासात ठेवला आणि म्हणालो, “कोट वाचवा. बटणं आधी जातात.” मग उठलो. बाईसाहेबांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं. असं कधी होईल असं मला वाटलं नव्हतं.

बायको आली ती सगळं ऐकूनच आली. बेकरीवाल्याने तिला रिक्षातच गाठून अभिनंदन केलं होतं. ती पायरीवर बसली, बॅगही आत न नेता. मी झालेलं सगळं सांगितलं. फक्त शेळी कोणाकडे आहे ते सांगितलं नाही.

“चुकून,” ती म्हणाली.

“चुकून.”

“इतकी वर्षं म्हणत होतात, आणि मी चार दिवस गेले तर चुकून.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पायरीवर पडलेली आपली जुनी शाल घडी करून बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाठ केली. मला वाटलं, आता ही पाठ मला जन्मभर दिसणार.

तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. दारं उघडली, लोक बाहेर आले. अजून उजेड असताना, सगळ्यांसमोर, कंडक्टर आमच्या दिशेने येत होता. पुढे बाईसाहेब, मागे तो, आणि त्याच्या अंगातल्या खाकी कोटाला एकही बटण नव्हतं. आपण घराबाहेर आहोत हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं इतका तो वैतागला होता.

“वहिनी, भेट चांगली आहे, पण दूध देत नाही,” तो फाटकातून म्हणाला. “कास दगडासारखी झालीय. मला लाथ मारते. तिला त्रास होतोय हो.”

बायको भांडं घेऊन धावली. ती खाली बसली आणि शेळीच्या पोटाला कपाळ टेकवून दूध काढू लागली. कंडक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हे भाऊ दुपारी येऊन गेले माझ्याकडे. फुलं दिली. शेळीकडे सारखे बघत होते, पण एक शब्द बोलले नाहीत.”

बायकोचे हात थांबले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं कुठे आहे ते?”

“हो.”

“आणि मागितली नाहीत?”

“ठेवलेलं परत मागायचं नाही,” मी म्हणालो. “कोणाच्या तरी घरचा नियम आहे.”

ती हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही, तोंड शेळीच्या पोटात होतं. मग तिने डोळे पुसले आणि कंडक्टरला बजावलं, की शेळी त्याचीच, पण दूध काढायला सकाळ-संध्याकाळ तिला इथे आणावं लागेल, न चुकता. त्याने क्षणभर रस्त्याकडे पाहिलं. दारादारात लोक उभे होते. मग म्हणाला, “वेळ पाळायची सवय आहे आपल्याला.”

तेव्हापासून तो रोज दोन फेऱ्या करतो. लोक त्याला थांबवतात, तो लोकांना पुढे सरकायला सांगतो. दूध काढून झालं की बायको त्याला चहा देते, आणि तेवढ्यात बाईसाहेब माझी बाही चघळून घेतात.

फुलं आता मी मांडतो. कंडक्टरच्या ग्लासाचा जुडगा वर खिळ्याला टांगतो, शेळीचं तोंड पोचणार नाही असा. एक जुडगा मात्र मी बाकाच्या अगदी कडेला ठेवतो, शेवंतीचा, चांगला रसरशीत. तो कोणासाठी असतो असं बायकोने परवा विचारलं. मी तिला सांगितलं, बाकावरचं कोणी नेलं ते विचारायचं नाही.