खालच्या खोलीतून आलेला फोन

चहाची वेळ टळून गेली तरी तुकाआत्या वर आली नव्हती, आणि माझ्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. उतारावरच्या खोल्यांच्या चादरी बदलायला गेलेली बाई. बाहेर ताम्हिणीचा पाऊस, पायवाटेवरनं पाणी वाहतंय, मोबाईलला रेंज नाही. आणि मी रिसॉर्टच्या काउंटरला खिळलेली, कारण समोर पुण्याचं एक कुटुंब ओल्या बॅगा घेऊन उभं.

"सर, आत्या अजून आली नाही. कुणाला तरी बघायला पाठवा ना," मी मॅनेजरना म्हटलं.

"येईल गं उज्वला. पाऊस उघडायची वाट बघत बसली असेल," स्वानंद सर म्हणाले. ह्यांचं काय जातंय सांगायला!

तेवढ्यात फोन वाजला. खोल्यांमधून आलेला फोन तुटक वाजतो, तसा. हात कागदांत होते म्हणून मी स्पीकरचं बटण दाबलं. "रिसेप्शन, बोला." नुसती खरखर. कुठल्या खोलीतून आला ते कळायला मार्ग नव्हता, कारण नंबर दाखवणारी पट्टी परवाच्या विजेनं जळाली होती. तारा भिजल्या की आमच्या इथले फोन उगाचच वाजतात. "मेला हा फोन!" म्हणून मी बंद केला.

कुटुंबाला किल्ली दिली, ते गेले, आणि मग लक्षात आलं. आज खोल्यांमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. आत्या सोडून.

पुन्हा वाजला तशी मी बटणावर झडपच घातली. "आत्या! तूच आहेस का? कुठंयस? पडलीबिडलीस का? अगं बोल की!" स्वानंद सरही धावत आले आणि फोनवर वाकून ओरडायला लागले, "हॅलो! कुठली रूम ते सांगा! हॅलो!" एकीकडून मी, दुसरीकडून ते. श्वास घ्यायला थांबलो तर पत्र्यावर पावसाचा दणका. पलीकडून एक शब्द नाही.

"लाइनच खराब आहे," सर म्हणाले.

मला असा संताप आला! रिसीव्हर उचलला तो आपटायलाच. उचलला तसा स्पीकर बंद पडला आणि रिसीव्हरमधून बारीक काहीतरी आलं. मी तो कानाला दाबून धरला, दुसऱ्या कानात बोट घातलं. सरांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"...पाय उचलंना. मोडलाय जनू. पानी आत यायला लागलंय."

"आत्या, कुठल्या खोलीत आहेस?"

"मला काय वाचता येतंय व्हय? आपला वाडा बसायचा, तितं."

मालकांनी दारांवर इंग्रजीत पक्ष्यांची नावं लावलीत. आत्या ती कशाला पाठ करील? रिसॉर्ट व्हायच्या आधी दर उन्हाळ्यात आमची मेंढरं ह्याच उतारावर असायची. रात्री त्यांना जाळी लावून वाडा करायचे तो हिरड्याच्या झाडापाशी, ओढ्याच्या अगदी काठाला. म्हणजे शेवटून दुसरी खोली. आणि ओढा तर सकाळपासून फुगलेला!

"सर, शेवटून दुसरी! माळ्याला हाक मारा, खुर्ची घ्या, उचलून आणावं लागेल!" मी पळतच सुटले.

सर माळ्याकडे वळता वळता मागून ओरडून सांगत होते, "अगं, त्या स्पीकरचं तसंच असतं. आपण बोललो, नाहीतर पावसाचा असा दणका असला, की तिकडचा आवाज तो तोडून टाकतो." मी दोनदा घसरले, दोनदा उठले. आई गं, ही बाई जिवंत सापडू दे, एवढंच डोक्यात.

दार उघडलं. आत घोट्याएवढं पाणी. आत्या पलंगाला टेकून त्या पाण्यात बसली होती, पाय वाकडा, आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी तोंडाशी धरून अजून त्यात बोलत होती.

मी तिच्याशेजारी पाण्यातच बसले. रडू काही आवरेना.

"कवाधरनं बोलतीया मी," ती म्हणाली. "तुजं आपलं एकच, बोल की, बोल की. अगं, बोलतच व्हते की. तूच ऐकून घेईनास."

"आता ऐकते. बोल," मी म्हटलं.

आणि सर खुर्ची घेऊन येईपर्यंत ती बोलत राहिली.